दुसरा होकार

१

इस्पितळाच्या तळघरात एक खोली होती. वरच्या मजल्यावरचा एकही डॉक्टर तिथे चुकूनसुद्धा पाय ठेवत नसे. त्या खोलीत दोन माणसं दिवसभर बसून अख्ख्या इस्पितळाची दारं उघडत आणि लावत असत. एक फौजदारीण. हे काही तिचं नाव नव्हे, पण नाकाच्या शेंड्यावरचा राग बघून कुणीतरी कधीतरी म्हटलं आणि ते चिकटलं. दुसरा लंबू. दारातून वाकून यावं लागायचं म्हणून लंबू, आणि स्वभावानेही जरा वाकलेलाच.

काम ऐकायला सोपं. कुणाचं कार्ड कुठल्या दाराला चालेल, याचे नियम करायचे. पण ते नियम एका जागी टिकतील तर शपथ! पाळी बदलली की नर्सचं कार्ड या मजल्यावर बंद, त्या मजल्यावर सुरू. पेशंट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेला की त्याच्या डॉक्टरची परवानगी त्याच्या मागोमाग जायची. भेटीची वेळ संपली की नातेवाइकांची कार्डं मरायची. नेहमीचे बदल यंत्रणा आपली आपण करायची. पण वेळेबाहेरचा, वाटेबाहेरचा बदल असला की एका माणसाने तो मागायचा आणि दुसऱ्याने होकार द्यायचा, असा दंडक होता. एकट्याच्या लहरीवर कुठलंही दार उघडू नये म्हणून.

दंडक चांगलाच होता हो, पण पाळतो कोण? पडद्यावर खिडकी उगवायची, लंबूने काहीतरी मागितलेलं असायचं, फौजदारीण न वाचता हिरवं बटण दाबायची. तिने मागितलं की तो दाबायचा. याला ते 'मम म्हणणं' म्हणत. दोघांनीही थोडा वेळ काहीच केलं नाही, तर ती विनंती साहेबांच्या मोबाईलवर जायची. साहेब तर चहाचा कप न ठेवता नुसत्या अंगठ्याने मम म्हणायचे.

आणि खोलीत एकच माणूस असला तर? त्यासाठी काका होते. काका म्हणजे या खोलीचे जुने प्रमुख. निवृत्त झाले, पुढे वारले. घरी, झोपेत, वय झालं होतं, त्यात गूढबिढ काही नव्हतं. त्यांचं खातं मात्र कुणी बंद केलं नाही. लंबू रजेवर असला की फौजदारीण काकांच्या नावाने मागायची आणि स्वतःच्या नावाने होकार द्यायची. ती रजेवर असली की तो तेच करायचा. मेलेल्या माणसाकडून इतकं काम कुठल्याही कचेरीने करून घेतलं नसेल.

त्या दिवशी दोघंही कामावर होते. तरी सकाळी काकांच्या नावाची खिडकी उगवली. फौजदारीण तेव्हा फोनवर धाकट्या भावाशी भांडत होती. त्यांची आई याच इस्पितळात वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत होती. छातीत कफ साठला होता, आता उतरला होता, परवा घरी न्यायची होती. आणि हा शहाणा दुसऱ्या टोकाला बसून सांगत होता, की अजून दोन दिवस ठेवून घे.

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस!" ती ओरडली. "यायचं असेल तर ये आणि बस आईपाशी!"

फोन ठेवता ठेवता तिने हिरवं बटण दाबून टाकलं.

२

दुपारी ती सूपचा डबा घेऊन वर गेली, तर मजल्याची सिस्टर कंबरेवर हात ठेवून वाटच बघत होती.

"या! तुमचीच आठवण काढत होते. ती तुमची दारं जरा ताळ्यावर आणता का?"

"काय झालं दारांना?"

"आपोआप उघडतात. ही समोरची खोली. कुणी कार्ड लावलं नाही, काही नाही. टक् वाजलं, दार सावकाश उघडलं, थांबलं, सावकाश लागलं. आणि तासाभरात आतले आजोबा गेले. बरे होते हो सकाळी! मुलगा कपडे आणायला गेला होता घरी न्यायचे."

फौजदारिणीच्या डोक्यात तिडीक गेली. पेशंट गेला तर त्याचं खापरही दारावर, म्हणजे पर्यायाने तळघरावर.

"दार आपोआप उघडत नाही, सिस्टर. कुणीतरी परवानगी मागितल्याशिवाय आणि कुणीतरी दिल्याशिवाय आमचं एकही दार उघडत नाही."

"मग द्यायची थांबवा ना! गेल्या आठवड्यात त्या पलीकडच्या बाईंचं असंच. त्याआधी खिडकीजवळच्या मास्तरांचं. मी काय मुलखाची खोटारडी आहे?"

आईने सूपचे तीन घोट घेतले आणि तोंड फिरवलं. फौजदारीण तिच्यावरही चिडली. डबा आपटला, मग उशी नीट केली, मग पुन्हा चिडली. आईला परवा घरी न्यायची होती. खोली झाडून, नवी चादर घालून तयार होती. एवढं सूप संपवायला काय होतं या बाईला?

३

खाली आल्यावर तिने सकाळचा नियम उघडला. तिनेच होकार दिलेला, आणि आत्ता पहिल्यांदा वाचत होती. काय उघडायचं, तर वरच्या मजल्यावरची समोरची खोली. कुणी मागितलं, काका. कुठून, तर 'तळघर, जुनी खोली'.

जुनी खोली बोळाच्या टोकाला होती. पूर्वी यंत्रं तिथे असायची. ती हलवल्यावर सगळ्या तारा कापून टाकल्या होत्या. तिथून काही मागायला तिथे काही होतंच कुठे?

"लंब्या, हे तू केलंस?"

लंबूने मान लांब करून पाहिलं. "मी? छे! मला वाटलं तू करतेस."

"करतेस म्हणजे? आणखी आहेत?"

"अगं, अधूनमधून येतात की. काकांच्या नावाने. मी म्हटलं, फौजदारिणीने काहीतरी चालवलंय, विचारलं तर अंगावर येईल. म्हणून मम म्हणत गेलो."

आणि तिला आठवलं, की तीही असंच म्हणत आली होती. लंब्याचंच काहीतरी असेल.

तिने मागचे सगळे काढून पाहिले. पलीकडच्या बाई. खिडकीजवळचे मास्तर. दुसऱ्या मजल्यावरचे काही जण. मागणारे काका, कुठून तर जुनी खोली. खाली होकार, एकदा तिचा, एकदा लंबूचा, कधी साहेबांचा.

"इस्पितळात माणसं मरतातच गं," लंबू हळूच म्हणाला.

"मला शिकवू नकोस!" पण हेच ती स्वतःलाही सांगत होती. कुणीतरी काकांचा पासवर्ड चोरला असेल. तो चोरायला अक्कल लागत नव्हती, तो भिंतीवर चिकटवलेला होता.

ती तरातरा साहेबांकडे गेली. काकांचं खातं आत्ताच्या आत्ता बंद करा म्हणाली.

"बाई, बसा आधी," साहेब म्हणाले. "ते बंद केलं तर तुम्ही लोक रजा कशा घेणार? मला तिसरा माणूस कोण देतंय? महिनाअखेरीला बघू."

"माणसं मरतायत, साहेब."

"बाई, इस्पितळ आहे हे," साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. तिला त्यांच्या टेबलावरचा चहा त्यांच्याच डोक्यावर ओतावासा वाटला.

४

जुन्या खोलीच्या दाराला तिने आपलं कार्ड लावलं. लाल दिवा. परवानगी नाही.

हे म्हणजे फारच झालं. या इमारतीतलं प्रत्येक दार तिच्या बोटांवर नाचत होतं आणि हे रिकामं खोकं तिला नाही म्हणत होतं! ती पहारेकऱ्याकडून साधी लोखंडी किल्ली घेऊन आली आणि कुलूप फिरवलं.

आत दिवा लागलेला होता.

आधी तिला त्याचं काही वाटलं नाही. आत एक पाऊल टाकल्यावर वाटलं. कारण तिथला दिवा हालचालीवर चालायचा. कुणी हललं की लागायचा, थोडा वेळ कुणी हललं नाही की विझायचा. आणि दार तर तिने आत्ता उघडलं.

खोलीत काही नव्हतं. चार भिंती, भिंतीतून बाहेर आलेली कापलेल्या तारांची टोकं, जमिनीवर यंत्रांच्या पायांचे चौकोनी डाग. टेबल नाही, खुर्ची नाही, लपायला आडोसा नाही. तारांची टोकं तिने एकेक ओढून पाहिली. सुटून हातात आली, मागे काहीच जोडलेलं नव्हतं. घ्या! इथून कोण काय मागणार, डोंबल?

म्हटलं, दिवाच बिघडलाय. बघूच. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हात बांधले. पापणीसुद्धा हलवायची नाही असं ठरवलं.

थोड्या वेळाने दिवा विझला. म्हणजे बिघडला नव्हता. दाराच्या फटीतून बोळातला उजेड जमिनीवर पट्टीसारखा पडला होता, बाकी अंधार. तिला स्वतःच्या श्वासाचा आवाज येत होता. तो तिने रोखला.

ती हलली नाही. अगदी हलली नाही.

दिवा लागला.

खोली रिकामीच होती. उंदीर, तिने मनात म्हटलं. उंदीर असेल, भिंतीच्या आत असेल. मग लक्षात आलं की दिवा चालू राहिलाय, विझत नाहीये. म्हणजे जे काही आहे ते थांबलेलं नाही, हलतंच आहे, आणि तिच्या डोळ्यांसमोर हलतंय. फौजदारीण आयुष्यात पहिल्यांदा कुणाशीही न भांडता खोलीबाहेर पडली.

५

परत आली तर लंबू जागेवर नव्हता. अपघात विभागात कुणाचंतरी यंत्र अडलं होतं, तो तिकडे गेला होता. तिच्या पडद्यावर खिडकी उगवलेली होती.

मागणारे काका. कुठून, जुनी खोली. काय उघडायचं, तर वरचा मजला, कोपऱ्यातली खोली.

आईची.

तळपायाची आग मस्तकात गेली. तिने लाल बटण असं दाबलं की टेबल हललं. नाही. खिडकी गेली आणि लगेच पुन्हा आली. दार उघडायची वेळ आता जरा अलीकडची. नाही. पुन्हा आली. नाही! मधल्या मधे तिने काकांचा पासवर्ड बदलला. विनंती आली. खातंच बंद करायला टाकलं, तर उत्तर आलं की खातं सध्या वापरात आहे, बंद करता येत नाही.

"कोण वापरतंय?" ती पडद्यावर ओरडली. "कोण वापरतंय रे मेल्या?"

वर धावत जावं आणि आईपाशी बसावं, असं वाटत होतं. पण इथून उठली आणि कुणी नाही म्हटलं नाही, तर खिडकी साहेबांच्या मोबाईलवर जाणार. तिने साहेबांना फोन लावला, तर ते मीटिंगमध्ये. मीटिंगमध्ये साहेबांच्या फोनचा आवाज बंद असायचा, अंगठा मात्र चालू असायचा. सगळी यंत्रणाच बंद पाडावी, तर वीज गेली की इस्पितळातली सगळी दारं एकदम उघडी पडणार, आगीच्या वेळी लोकांना पळता यावं म्हणून.

तिने लंबूला फोन लावला. "काकांच्या नावाचं काहीही आलं तर मम म्हणायचं नाही. कळलं? काहीही!"

"बरं बरं. ओरडू नकोस. नाही म्हणत."

"शपथ घे!"

"शप्पथ, बाई."

वर सिस्टरला लावला. "माझ्या आईच्या खोलीत जाऊन बसाल का जरा?" "माझ्याकडे अख्खा मजला आहे हो," सिस्टर म्हणाली. "पण तुमच्या आई बऱ्या आहेत, आत्ताच पाहिलं." मग धाकट्याला लावला. "आत्ताच्या आत्ता ये आणि आईजवळ बस." तो म्हणाला, संध्याकाळी बघतो, काय झालंय नेमकं? नेमकं काय झालंय ते सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते, म्हणून तिने त्याला दोन शिव्या दिल्या.

विनंत्या येत होत्या, ती नाही म्हणत होती. बोट दुखायला लागलं. एकदा तिने हात जोडूनही पाहिलं, म्हणाली, काका, माझी आई आहे ती, परवा घरी न्यायचीय तिला. आणि लगेच स्वतःचाच संताप आला. हात कसले जोडतेस! "नाही!" ती म्हणाली. "ये पुन्हा! दिवसभर नाही म्हणेन! मरेपर्यंत नाही म्हणेन!"

६

मग विनंत्या थांबल्या.

पडदा रिकामा होता. ती बोट बटणावर ठेवून बसली. शेजारच्या बोळात पाण्याच्या पाइपचा गडगडाट झाला आणि शांत झाला. काही आलं नाही. तिच्या खांद्यांतला ताण सैल झाला, तेव्हा कळलं की खांदे केव्हापासून कानांना लागले होते. तिला हसूसुद्धा आलं. थकवलं बेट्याला! जन्मभर लोकांनी तिला भांडकुदळ म्हणून हिणवलं, आज त्याच भांडणाने आईचं दार राखलं होतं.

फोन वाजला. लंबू.

"झालं गं तुझं काम," तो म्हणाला. "आता जा वर निवांत."

"कुठलं काम?"

"आईच्या खोलीचं. माझ्या इथल्या पडद्यावर आलं होतं ना. अगं, मी नीट वाचलं हां, शप्पथ घेतली होती ना तुझी. काकांचं नाही, तुझ्या नावाने होतं, म्हणून माझ्याकडेच आलं. आईची खोली फक्त तुझ्यासाठी उघडी, बाकी सगळ्यांना बंद. म्हटलं, बिचारीला दोन क्षण आईपाशी बसायचं असेल, कुणी मधे यायला नको. मम म्हणून टाकलं."

ती खुर्चीतून उठली.

"कुठून होतं?" तिने कसंबसं विचारलं.

"कुठून म्हणजे? जुन्या खोलीतून. पहारेकरी म्हणाला तू किल्ली घेऊन तिकडेच गेली होतीस. म्हटलं, तिथूनच टाकलं असशील. का गं? फौजदारीण? चुकलं का काही?"

७

लिफ्टची वाट बघायला ती थांबली नाही. जिना चढताना तिने लंबूला, साहेबांना, धाकट्याला आणि काकांना तोंडाला येईल ते म्हटलं, आणि वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत श्वास संपल्याने नुसते ओठ हलत राहिले. मजल्याच्या टेबलाशी सिस्टर गोळ्या मोजत होती. तिने मान वर केली आणि तिचा हात तसाच राहिला.

"अहो, तुम्ही आत्ताच तर गेलात ना आत?"

फौजदारीण तिला ओलांडून पुढे गेली. कोपऱ्यातल्या दाराला कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. दारावरच्या छोट्या पट्टीवर अक्षरं सरकली, 'हे कार्ड आत आहे'.

एकदा आत गेलेलं कार्ड बाहेर आल्याशिवाय पुन्हा आत जाऊ शकत नाही. एका कार्डावर दोन माणसं घुसू नयेत म्हणून हा नियम. तिनेच घातलेला.

"सिस्टर, तुमचं लावा!"

सिस्टरने लावलं. लाल. "असं कसं? माझं तर सगळीकडे चालतं. आणि आत... अहो, मी तुम्हाला पाहिलं जाताना. नमस्कार केलात मला. मला वाटलंच, आज स्वारी एवढी नरम कशी."

दाराला काचेची एक उभी अरुंद पट्टी होती. फौजदारिणीने तिला कपाळ टेकलं. आत पलंग अर्धा दिसत होता. आई उशीला टेकून बसली होती. पलंगापलीकडे पडदा ओढलेला होता आणि आई पडद्याकडे तोंड करून ऐकत होती, कुणी गोष्ट सांगावी तशी. तिचा एक हात पडद्याआड गेलेला होता. कुणीतरी तो हातात घेतला असावा, कारण तो उचललेला होता आणि त्याला भार नव्हता.

"आई!" ती ओरडली. "आई, हात सोड! आई, मी इथे आहे!" दोन्ही मुठींनी तिने दार बडवलं. सिस्टर कुणालातरी हाक मारत बोळातून पळाली. धाड धाड आवाज अख्ख्या मजल्यावर घुमत होता.

आईने मान वळवली. काचेतून तिने बाहेरच्या लालबुंद, विस्कटलेल्या, किंचाळणाऱ्या बाईकडे पाहिलं. दारावर कुणी वेडं आदळलं की माणूस बघतं तसं. जरा घाबरली आणि पडद्याकडे सरकली.

"कोण आहे गं ते?" तिने पडद्याआड विचारलं.

उत्तर फौजदारिणीला ऐकू आलं नाही. ते फार हळू दिलेलं होतं. पण आईची भीती गेली, चेहरा सैल झाला, आणि पुष्कळ दिवसांनी ती हसली.

"आज किती छान बोलतेयस गं माझ्याशी," आई म्हणाली. "चल, जाऊ या."